सव्वा तास नावाची थाप

'पुणे ते नागपूर हवाई अंतर किती?' असं फोनवर विचारलं की एका सेकंदात उत्तर मिळतं. अंतर सुमारे ६०५ किलोमीटर, उड्डाणाचा अंदाजे वेळ १ तास १५ मिनिटं. खाली विमानाचं निळं चिन्ह आणि तिकीट काढायचं बटन. दोन शहरं कुठलीही घ्या, पान तयारच असतं.

हे उत्तर गणिताने बरोबर आहे. मला खात्री आहे, कारण असली पानं तयार करणारा कोड मी स्वतः लिहिला आहे. तरीही हे उत्तर खोटं आहे असं माझं म्हणणं आहे. आणि हे खोटं निरुपद्रवी नाही. ते आपल्या घरांत शिरलंय, आईवडिलांशी होणाऱ्या फोनवर शिरलंय, सरकारी घोषणांत तर कधीचंच शिरलंय.

आधी कोडबद्दल. माझी पहिली नोकरी प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या एका वेबसाइटवर होती. मॅनेजर म्हणाला, लोक सर्च इंजिनवर अंतरं शोधतात, आपलं पान वर दिसलं पाहिजे. काम सोपं होतं. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असं धरायचं आणि हॅवरसाइन नावाच्या जुन्या सूत्राने त्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर काढायचं. मग वेळ. विमान ताशी ८०० किलोमीटर जातं असं गृहीत धरून भागाकार करायचा आणि चढण्या-उतरण्याची म्हणून सरसकट ३० मिनिटं वर टाकायची. ६०५ भागिले ८००, म्हणजे ४५ मिनिटं. अधिक ३०. झाला सव्वा तास.

आमच्या यादीत ५०० विमानतळ होते. प्रत्येकापासून उरलेल्या ४९९ ठिकाणी, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास पानं. संध्याकाळी स्क्रिप्ट लावली, सकाळी सगळी पानं तयार. टेस्ट पास झाल्या. मुंबई ते पुणे १२४ किलोमीटर, वेळ ३९ मिनिटं. या मार्गावर आज थेट विमान आहे का, असलंच तर त्याने जावं असं कुणाला वाटेल का, हे पानाला माहीतच नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. मला शाबासकी मिळाली.

आता या सव्वा तासात काय काय खोटं आहे ते एकेक बघू.

पहिलं, विमान त्या रेषेवरून उडत नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. नागरी विमानं तिथे पाहुणी आहेत आणि हवाई दलाच्या सरावाच्या वेळा सांभाळूनच त्यांना उडावं लागतं. निघताना आणि उतरताना ठरलेल्या वाटा असतात, मध्ये हवाई मार्ग असतात, वाटेत ढग आले तर वळसा असतो. धावपट्टी कुठल्या बाजूने वापरायची हे वारा ठरवतो. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. सूत्राला मात्र पुणे-नागपूर आणि नागपूर-पुणे एकच.

दुसरं, सगळी विमानं ताशी ८०० जात नाहीत. १६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. आमच्याकडे आनंद झाला, मलाही झाला. पण तिथे येणारं विमान एटीआर ७२ आहे, पंख्याचं. ते ताशी ५००च्या आसपास जातं. हवाई अंतर ५४० किलोमीटरच्या घरात. माझं सूत्र त्यासाठी १ तास ११ मिनिटं सांगेल. प्रत्यक्षात एवढा वेळ नुसता उडायलाच लागतो, चढणं-उतरणं वेगळं.

तिसरं, विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात जो वेळ छापलेला असतो तो या दोन्हींपेक्षा निराळा. त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. चाकाखालचे अडसर काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या विमानतळावर पुन्हा अडसर लागले की बंद. म्हणजे टॅक्सीवेवरची रांगही त्यात आली. कंपन्या या आकड्यात थोडा गुळ घालून ठेवतात. कारण ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असलेलं विमान 'वेळेवर' मोजलं जातं. मुळातच वेळ जास्त लावून ठेवली की उशीर उशीर राहत नाही. 'आपण दहा मिनिटं आधी पोचलो आहोत' ही घोषणा ऐकून आपण खूश होतो, तेव्हा बहुतेक वेळा तो आपलाच वेळ आपल्याला परत दिलेला असतो.

पण हे सगळं तांत्रिक झालं. दहा-वीस मिनिटांच्या फरकासाठी मी एवढं लिहायला बसलो नसतो. खरं खोटं चौथं आहे. हा सव्वा तास माणसाचा नाहीच, विमानाचा आहे.

माझं गाव यवतमाळजवळ. राहतो हिंजवडीत. आता माझा हिशेब बघा. हिंजवडी ते लोहगाव २७-२८ किलोमीटर, वाहतूक धरली तर दीड ते दोन तास. विमानतळावर पोचायचं दीड-दोन तास आधी, कारण काउंटर वेळेआधी बंद होतात आणि सुरक्षा तपासणीची रांग किती असेल ते कुणाच्या हातात नाही. मग दीड तास विमान. उतरून बाहेर यायला अर्धा तास. तिथून यवतमाळ दीडशे किलोमीटर, तीन तास. सगळं नीट झालं, कुठे काही अडलं नाही, तर साडेआठ तास.

माझं तेच सूत्र मी माझ्यावर लावून पाहिलं. हिंजवडीपासून यवतमाळ सरळ रेषेत ५०० किलोमीटर. भागिले साडेआठ. ताशी ५९. मी विमानाने घरी जातो तेव्हा माझा वेग ताशी साठसुद्धा नसतो.

अजून एक भागाकार. दीड तासात विमान ६०५ किलोमीटर तोडतं. उरलेले सात तास कशात जातात? हिंजवडी-लोहगाव आणि नागपूर-यवतमाळ मिळून पावणेदोनशे किलोमीटरमध्ये, म्हणजे ताशी पंचवीस. पान ज्याबद्दल बोलतं तो भाग कधीच सुटलेला प्रश्न आहे. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ आणलं तेव्हा ते ताशी ९००च्या आसपास उडायचं. आजचं एअरबस ए३२० त्याहून जरा सावकाशच उडतं. आकाशातला वेग साठ वर्षांपासून आहे तिथे आहे. बदललं ते जमिनीवरचं, आणि ते बहुतेक वाढलंच. पान नेमकं तेच मोजत नाही.

मित्र म्हणतात, 'अरे, अंतर म्हणजे अंतर. पानावर हवाई अंतर लिहिलंय, दारापासून दारापर्यंत असं कुठे लिहिलंय? लोकांना कळतं.' हा युक्तिवाद मी स्वतः त्या नोकरीत दोन वर्षं वापरला. त्याचं उत्तर असं की लोक काय शोधत होते ते मी रोज बघायचो. कुणी 'गोलावरील दोन बिंदूंमधलं लघुतम अंतर' शोधत नव्हतं. लोक विचारत होते, पोचायला किती वेळ लागतो? आम्ही त्या प्रश्नाखाली दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर चिकटवत होतो, आणि त्याखाली बटन. विचारलेल्या प्रश्नाला न विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणं याला आमच्याकडे थाप मारणं म्हणतात.

आणि लोकांना कळतं म्हणता, तर मला तरी कुठे कळलं होतं? मी तर सूत्र लिहिणारा.

सात वर्षं मी घरी हेच सांगत आलो. आई, काळजी करू नको, सव्वा तासाचं तर अंतर आहे. सकाळी निघालो तर दुपारी जेवायला घरी. आजी दर फोनवर विचारायची, 'कवा येतं रे बाप्पा?' मी म्हणायचो, येतो गं, जवळच तर आहे. आणि जवळच आहे म्हणून जात नव्हतो. जे जवळ असतं तिथे कधीही जाता येतं, आणि जिथे कधीही जाता येतं तिथे आज जायचं काही कारण नसतं. दिवाळीत गेलो नाही, कारण रिलीज होती. नंतर आजी पडली, पण सावरली. या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यात.

डिसेंबरातल्या एका सकाळी सहाला बाबांचा फोन आला. आजी गेली. मी म्हणालो, मी येईपर्यंत थांबा. बाबा म्हणाले, दिवस मावळायच्या आत न्यावं लागेल, पण साडेचार-पावणेपाचपर्यंत थांबतो. मनात हिशेब केला. सव्वा तास. भरपूर वेळ आहे.

सकाळच्या विमानांत जागा नव्हती. जागा मिळाली ती ११ वाजून ५ मिनिटांच्या विमानात, साडेनऊ हजार रुपयांना. साडेसातला निघालो, सव्वानऊला विमानतळावर. अकराला घोषणा झाली की विमान उशिरा येतंय. मग पुन्हा एकदा. सुटलं पावणेएकला, म्हणजे १ तास ४० मिनिटं उशिरा. सव्वादोनला नागपूर. पाठीवर एकच पिशवी होती, वीस मिनिटांत बाहेर पडलो आणि गाडी केली. वर्ध्याच्या पुढे चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, 'दादा, निघतो आम्ही आता. लोक किती वेळ थांबतील?' मी घरी पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. माणसं मातीवरून परत येऊन अंगणात हातपाय धुत होती.

विमान वेळेवर असतं तर चार-सव्वाचारला पोचलो असतो. हे मी शंभर वेळा मोजलंय. पण त्या कंपनीवर राग काढून मला थांबायचं नाही, कारण नियम वाचल्यावर कळलं की त्यांनी नियमाबाहेर काही केलंच नव्हतं. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात उशिराचं मोजमाप ब्लॉक टाइमवर ठरतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर प्रवाशाला खाणं-पिणं द्यायचं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत. उशिराबद्दल रोख भरपाई नाही. भरपाई आहे ती वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर, आणि तिची कमाल मर्यादासुद्धा ब्लॉक टाइमनेच ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००. मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून याहून कमी होत असेल तर तेवढंच.

म्हणजे बघा. माझा १ तास ४० मिनिटांचा उशीर नियमाच्या लेखी एका चहाच्याही लायकीचा नाही. उड्डाण छोटं, म्हणून नुकसान छोटं. जणू जवळच्या गावी जाणाऱ्याची गरजही कमी असते. ज्या घड्याळाने मी वेबसाइटवर पानं छापली तेच घड्याळ नियमाच्या भिंतीवर टांगलेलं आहे.

तेच सरकारी योजनांचं. २०१७च्या एप्रिलमध्ये 'उडान' योजनेतलं पहिलं विमान उडालं. तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा हे तिचं घोषवाक्यच होतं. हेतू चांगला, मला त्याची थट्टा करायची नाही. पण इथेही तास मोजला तो विमानाचाच. विमानतळाच्या उद्घाटनात 'अमुक शहर आता तासाभरावर' असं म्हटलं जातं. विमानतळापासून पुढच्या तालुक्याला संध्याकाळी सातनंतर काय मिळतं, हे त्या भाषणात नसतं. गोव्याचंच घ्या. मोपा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला. मुंबई-गोवा उड्डाणाच्या वेळेत काही फरक पडला नाही. पण मडगावच्या माणसाचं विमान दाबोळीऐवजी मोपाला उतरलं तर त्याला राज्याच्या उत्तर टोकापासून दक्षिणेला यावं लागतं. पानावर दोन्हींचा आकडा जवळपास तोच. गोवा म्हणजे एक बिंदू. कोण कुठे राहतो याच्याशी सूत्राला देणंघेणं नाही.

कुणी म्हणेल, विमानाने फिरणाऱ्यांची ही चोचली दुःखं. दिवाळीत संगमवाडीला जाऊन बघ, पोट्टे दुप्पट-तिप्पट भाडं देऊन ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये बारा तास पडून गावी जातात. त्यांना तुझा ब्लॉक टाइम सांग. मान्य. मीही सहा वर्षं तसाच गेलो, आणि अजूनही बहुतेक वेळा तसाच जातो. पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. बारा तास ट्रॅव्हल्स, साडेआठ तास विमान. फरक साडेतीन तासांचा आणि भाड्याचा फरक कित्येक हजारांचा. जाहिरात मात्र सांगते बारा तास विरुद्ध सव्वा तास. उरलेल्या पावणेदोनशे किलोमीटरवर पैसा आणि डोकं लावलं तर त्याचा फायदा ट्रॅव्हल्सने येणाऱ्यालाही होतो, एसटीने येणाऱ्यालाही होतो. नागपूरहून यवतमाळला उशिराच्या गाड्या वाढल्या तर त्यात विमानातून उतरलेला मी एकटा बसणार नाही. म्हणून आकाशातला आकडा पुढे करणं ही चूक फक्त विमानवाल्यांची राहत नाही. तो पुढे केला की खालचं काम झाकलं जातं.

दुसऱ्या पद्धतीने मोजता येतं का? येतं, आणि ते याच नागपुरात झालंय. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला यायचं. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. ती विमानं आजच्यापेक्षा कितीतरी हळू होती. पण ज्याने ही आखणी केली त्याने विमानाचा वेग धरून सुरुवात केली नव्हती. संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी दुसऱ्या महानगरात पोचलं पाहिजे, इथून सुरुवात केली आणि मग विमानांच्या वेळा त्यात बसवल्या. घड्याळ पत्राच्या हातात बांधलं होतं. पंचाहत्तर वर्षांपूर्वी कागदाच्या तुकड्याला जो मान मिळाला तो आज साडेनऊ हजार देणाऱ्या माणसाला नाही.

आपली जुनी माणसंही असंच मोजायची. कोस होताच, पण रोजच्या बोलण्यात अंतर वेळेत यायचं. अर्ध्या दिवसाची वाट, एका मुक्कामाचं गाव, हाकेच्या अंतरावरचं घर. त्यात चालणारा माणूस, त्याची भूक, त्याची रात्र धरलेली असायची. आम्ही उपग्रह आणले, सहा दशांश स्थळांपर्यंत अक्षांश आणले, आणि त्यातून माणूस काढून टाकला.

मग काय करायचं? माझ्या धंद्यातल्या लोकांना सांगतो, कारण हे आपण करू शकतो. एकच आकडा छापू नका. दारापासून दारापर्यंतचा वेळ, तोही किमान-कमाल असा छापा. रस्त्यावरच्या वाहतुकीची माहिती आपल्याकडे आहे, विमानांच्या उशिराची नोंद आहे, बसच्या वेळा आहेत. हे अवघड नाही, मी करून पाहिलंय. थेट विमान नसेल तर वेळ छापूच नका, नाही म्हणून सांगा. आज शेवटचं विमान किती वाजता, उद्याचं पहिलं किती वाजता, हे पानावर सर्वांत वर हवं. घरून फोन आल्यावर माणसाला तेवढंच हवं असतं. अशा पानावर बटन कमी दाबलं जाईल. जाऊ द्या.

नियम करणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच की उशीर मोजताना उड्डाणाची लांबी हा निकष काढून टाका. जवळच्या विमानाचा उशीरही पूर्ण उशीर असतो. आणि विमानतळाचं उद्घाटन कराल तेव्हा शेवटच्या विमानातून उतरलेला माणूस तिथून तीन तालुके पलीकडे कसा जाणार याचं वेळापत्रक त्याच दिवशी जाहीर करा.

राहिलो आपण. पुण्यात, बंगळुरात, त्याहून लांब राहणारे, गावाकडून आलेले. नागपूर सव्वा तासावर आहे हे वाक्य आपण कंपनीच्या जाहिरातीतून उचललं आणि आईला दिलं. आईने ते आजीला सांगितलं, आजीने शेजारणीला. सगळ्या गल्लीला वाटत होतं की पोरगं सव्वा तासावर आहे आणि तरी येत नाही.

आता आई विचारते तेव्हा मी खरं सांगतो. साडेआठ तास लागतात, कधी दहा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, 'एवढं लांब आहे होय?' हो, एवढं लांब आहे. हे कळल्यापासून मी वर्षातून सहादा जातो. आधी दोनदा जायचो.